आठ भिंतींचा बोगदा

हार्मोनिक्स म्हटलं की लोकांना ‘गिटार हीरो’ आठवतो. प्लास्टिकची गिटार, पाच रंगीत बटणं आणि सोफ्यावर चढून मान हलवणारे मित्र. माझ्या मते मात्र या कंपनीचा खरा गेम त्याच्या चार वर्षं आधी, नोव्हेंबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. नाव ‘फ्रीक्वेन्सी’. समीक्षकांनी कौतुक केलं, लोकांनी फारसा घेतला नाही.

कंपनी १९९५ ची. अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि एरन इगोझी, दोघेही एमआयटीच्या मीडिया लॅबमधले. ज्याला वाद्य येत नाही त्यालाही वाजवण्याची मजा मिळावी, हा त्यांचा ध्यास. पहिलं प्रॉडक्ट ‘द अ‍ॅक्स’, १९९८ चं. जॉयस्टिक हलवली की गाण्यावर सोलो वाजायचा, आणि तुम्ही काहीही करा, सॉफ्टवेअर बेसूर होऊ देत नसे. जेमतेम ३०० प्रती खपल्या म्हणे! साहजिक आहे. जिथे चुकताच येत नाही तिथे पंधराव्या मिनिटाला करायचं काय?

जपानात तोवर ‘पॅराप्पा द रॅपर’ (१९९६) आणि कोनामीचा ‘बीटमेनिया’ (१९९७) गाजले होते. तिथे चुकता येत होतं. हार्मोनिक्सने धडा घेतला.

‘फ्रीक्वेन्सी’त तुम्ही एका अष्टकोनी बोगद्यातून पुढे जाता. भिंती आठ. एकीवर ड्रम्स, एकीवर बेस, एकीवर सिंथ, एकीवर आवाज. समोरून येणारे ठोके तीन बटणांनी अचूक पकडायचे. दोन बार न चुकता वाजवले की तो ट्रॅक काही काळ आपोआप चालू राहतो, आणि तुम्ही उडी मारता शेजारच्या भिंतीवर. सुरुवातीला जवळपास शांतता असते, मग थरावर थर चढत गाणं उभं राहतं. चुकलात तर तेवढा थर गप्प.

आता गंमत बघा, इलेक्ट्रॉनिक संगीत बनतंच असं. सिक्वेन्सरमध्ये लूपवर लूप रचून. म्हणजे ऑर्बिटल किंवा ज्युनो रिअ‍ॅक्टरचं गाणं खेळताना तुम्ही वाजवण्याचं नाटक करत नसता, ते गाणं जसं जोडलं गेलं तसंच जोडत असता. मला स्वतःला बेसलाइन वेगळी ऐकू यायला लागली ती या गेममुळे. त्याआधी बेस म्हणजे नुसती धडधड!

पण हे सगळं कानात घडतं. शेजारी बसलेल्याला काय दिसतं? रंगीत बोगदा आणि कंट्रोलरवर वाकलेला एक माणूस. डब्यावरच्या फोटोतून तर काहीच कळत नाही. २००३ चा ‘अ‍ॅम्प्लिट्यूड’सुद्धा याच खड्ड्यात पडला. मग २००५ मध्ये ‘गिटार हीरो’ आला. येणारे ठोके तेच, बटणं दाबणं तेच, फक्त हातात गिटार आली. बघणाऱ्याला एका सेकंदात कळलं. पुढच्याच वर्षी एमटीव्हीने कंपनी विकत घेतली. थरांची उडी मात्र त्यात गेली, गाणं आधीच पूर्ण वाजत असतं.

असो. २०१४ मध्ये जुन्या चाहत्यांनी किकस्टार्टरवर सुमारे ८ लाख ४४ हजार डॉलर जमवले आणि २०१६ मध्ये नवा ‘अ‍ॅम्प्लिट्यूड’ आला.

मूळ ‘फ्रीक्वेन्सी’ खेळायचाच असेल तर जुना, ट्यूबवाला टीव्ही शोधा. आजचे सपाट टीव्ही चित्र दाखवायला काही मिलिसेकंद उशीर करतात. तेवढ्यात सम चुकते, आणि आपण उगाच बोटांना दोष देत बसतो.