भीतीचे मतदान : १९३७ ते १९४६

१९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकीत मुसलमानांच्या राखीव जागा सुमारे ४८० होत्या. त्यांतल्या जेमतेम १०९ मुस्लिम लीगच्या वाट्याला आल्या. पंजाबात तर ८६ पैकी अवघ्या दोन. पुढे नऊ वर्षांत चित्र पूर्ण पालटले. डिसेंबर १९४५ मध्ये केंद्रीय विधिमंडळातल्या तीसच्या तीस मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या सर्व तीस मुस्लिम जागा तिच्याकडे गेल्या. पंजाबात तिने पंचाहत्तरच्या आसपास मजल मारली. नऊ वर्षांत मुसलमानांचे दारिद्र्य हटले नव्हते, शाळा वाढल्या नव्हत्या, विणकराच्या मागाला भाव आला नव्हता. मग बदलले काय? बदलली ती भीती. तिला नाव मिळाले, झेंडा मिळाला आणि मतपेटीही मिळाली.

ही भीती निव्वळ बनावट होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३७ साली संयुक्त प्रांतात मंत्रिमंडळात सामील होण्यासाठी लीगचे नेते चौधरी खलिकुज्जमान यांनी काँग्रेसशी वाटाघाटी केल्या. लीगच्या गटाने आपले वेगळे अस्तित्व संपवावे, अशी काँग्रेसची अट होती. बोलणी फिसकटली. त्यानंतर शाळांतले ‘वंदे मातरम्’, मध्य प्रांतातली विद्यामंदिर योजना, हिंदी-उर्दूचा वाद अशा एकेका तक्रारीची भर पडत गेली. १९३८ च्या पीरपूर अहवालाने या तक्रारी एकत्र बांधल्या. त्यांतल्या काही खऱ्या होत्या, काही ऐकीव होत्या, काही फुगवलेल्या होत्या. पण निवडणुकीच्या बाजारात खरे-खोटे निवडत बसायला कोणाला सवड असते? १९३९ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली, तेव्हा जीनांच्या हाकेवरून २२ डिसेंबरला ‘मुक्तिदिन’ पाळला गेला. तक्रारीचे रूपांतर दहशतीत झाले होते. ‘इस्लाम खतरे में’ ही घोषणा त्यानंतर गावोगाव पोहोचली.

भीतीचे राजकारण एकट्या मुसलमानांत जन्मले, असा एक सोयीचा समज आहे. तो खरा नाही. १९०९ साली मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात यू. एन. मुखर्जी यांनी जनगणनेचे आकडे मांडून हिंदू ही ‘मरणपंथाला लागलेली जमात’ असल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे अल्पसंख्याला बहुसंख्येची भीती आणि बहुसंख्याला अल्पसंख्येची. दोन्ही भीती एकाच सुमारास छापून बाहेर पडल्या आणि पुढे एकमेकींच्या आधाराने पोसल्या गेल्या.

या भीतीला खतपाणी घातले ते विभक्त मतदारसंघांनी. मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमानाचे मत हवे होते. ज्याची भीती घालायची त्याच्या दारात मत मागायला जायचेच नव्हते. मग जिभेला लगाम कशासाठी? दोन मुसलमान उमेदवारांत जो अधिक भडक तो अधिक ‘सच्चा’ ठरे. पंजाबात मुसलमान, हिंदू आणि शीख जमीनदार-शेतकऱ्यांची युनियनिस्ट पार्टी होती. शेतीचे कर्ज, जमीन, धान्याचा भाव हे तिचे विषय. १९४६ च्या प्रचारात पीर आणि सज्जादानशीन लीगच्या बाजूने उतरले. युनियनिस्टांना मत देणाऱ्याला कब्रस्तानात जागा मिळणार नाही, जमातीत उभे राहू दिले जाणार नाही, असे इशारे दिले गेले. ज्याला आखिरतची भीती घातली, तो धान्याच्या भावाविषयी काय बोलणार? दुसऱ्या बाजूने मौलाना हुसेन अहमद मदनी यांच्यासारखे देवबंदचे आलिम गावोगाव फिरून फाळणीचे धोके सांगत होते. त्यांचा अपमान झाला, त्यांच्यावर हल्ले झाले. मौलाना आझाद तर काँग्रेसचे अध्यक्षच होते. कुराणाचा एवढा मोठा भाष्यकार ‘कौमचा गद्दार’ ठरवला गेला.

भीतीचा एक मोठा फायदा असा की ती घालणाऱ्याला उत्तरे द्यावी लागत नाहीत. २३ मार्च १९४० च्या लाहोर ठरावात ‘पाकिस्तान’ हा शब्दही नव्हता आणि स्पष्ट सीमाही नव्हत्या. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ लिहून नकाशे आणि आकडे समोर ठेवले. लोकसंख्येची अदलाबदल झाल्याशिवाय पाकिस्तानामुळे हिंदुस्थानातला जातीय प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे रत्नागिरीच्या, मालेगावच्या, सोलापूरच्या मुसलमानाचे काय, हा प्रश्न मतदानाच्या पाच वर्षे आधीच छापील स्वरूपात उपलब्ध होता. प्रचारसभांत त्याला उत्तर मिळाले नाही. फार तर एवढे सांगितले जाई की तिकडे हिंदू असतील, इकडे मुसलमान, दोन्ही सरकारे एकमेकांच्या धाकाने नीट वागतील. माणसांना ओलीस ठेवण्याचाच हा विचार होता. तरीही तो दिलासा म्हणून खपला.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. वायव्य सरहद्द प्रांतात मुसलमान नव्वद टक्क्यांहून अधिक होते. तिथे १९४६ साली खान अब्दुल गफ्फारखानांच्या खुदाई खिदमतगारांच्या बळावर काँग्रेस जिंकली. मुस्लिम जागांतही तिने लीगपेक्षा अधिक जागा मिळवल्या. उलट जो मुंबई प्रांत कोणत्याही नकाशात पाकिस्तानात जाणार नव्हता, तिथे सगळ्या तीस जागा लीगच्या! ज्यांना नव्या देशातून काही मिळणार नव्हते, त्यांनीच त्याला भरघोस कौल दिला. आणि हा कौल तरी कोणाचा? तेव्हा सर्वांना मताचा अधिकार नव्हता. मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटी होत्या. बहुसंख्य विणकर, कोळी, हमाल, शेतमजूर आणि स्त्रिया मतदार यादीबाहेरच होत्या. मत दिले थोड्यांनी. किंमत मोजली सगळ्यांनी.

१९४७ साली पुष्कळ पुढारी सरहद्दीपलीकडे गेले. खलिकुज्जमानही गेले. पुढे १९६१ साली आत्मवृत्तात त्यांनी लिहिले की द्विराष्ट्रवादाचा भारतातल्या मुसलमानांना अपायच झाला. मागे राहिलेल्या गरीब मुसलमानाने ही गोष्ट आत्मवृत्ताची वाट न पाहता ओळखली होती. संशयाचे ओझे त्यालाच वाहायचे होते.

या अनुभवातून स्वतंत्र भारताने दोन धडे घेतले. घटना समितीने विभक्त मतदारसंघ नाकारले. बेगम ऐजाज रसूल यांनी तर धर्माधारित राखीव जागांनाही विरोध केला. मत मागायला शेजाऱ्याच्या दारात जावेच लागेल अशी व्यवस्था आली. दुसरा धडा कायद्यात आला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हा भ्रष्ट आचार ठरवला. पंजाबचा प्रचार आठवला की या कलमाचा अर्थ नीट कळतो.

पण कायदा भीती संपवू शकत नाही. १९०९ चा जनगणनेचा बागुलबुवा अजूनही सभांतून फिरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुसलमान स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १९९२-९३ मधल्या ४.४ वरून २०१९-२१ मध्ये २.३६ वर आले, हे मात्र त्या सभांत सांगितले जात नाही. दुसरीकडे मुसलमान मोहल्ल्यांत वेगळी भीती विकली जाते : ‘आम्हांला मत द्या, नाहीतर ते येतील.’ भय खरे असते, दंगलींत होरपळलेल्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. पण अशी कित्येक वर्षे मते दिल्यावर २००६ साली सच्चर समितीने हिशेब मांडला, तेव्हा देशाची साक्षरता ६४.८ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के निघाली. संरक्षणाच्या वायद्यावर मते घेणाऱ्यांना शाळेचा जाब कोणी विचारलाच नव्हता.

भीती बाळगू नका, असा उपदेश सुरक्षित घरात बसून करणे सोपे आहे. तो करण्याचा इरादा नाही. भीती वाटत असली तरी प्रश्न विचारता येतो, एवढेच १९४६ साल सांगते. तेव्हा जो प्रश्न सभेत विचारला गेला नाही, तो आज प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराला विचारला पाहिजे : मत दिल्यावर पुढे काय? आमच्या मुलांच्या शाळेचे काय, रोजगाराचे काय, शेजाऱ्याशी आमच्या नात्याचे काय? जो याचे उत्तर न देता पुन्हा भीतीकडेच बोट दाखवील, त्याला आपली भीतीच हवी आहे, आपण नकोत, हे ओळखावे.