परीक्षेचा काटा



विद्यापीठाच्या परीक्षेवर बोलायला एका कामगार कार्यकर्त्याने उभे राहावे, ह्याचे पुष्कळांना नवल वाटेल. माझे शिक्षण विद्यापीठात झालेले नाही. जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. परंतु परीक्षा हे अखेर एक वजन आहे, आणि वजनाविषयी यार्डातल्या माणसाला दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे, असे मी समजतो.

जुन्या बाजारात शेतमालाचा सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी नुसता उभा असे. ह्याला ‘हत्ता’ पद्धत म्हणत. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्रात १९६३ साली बाजारांचे कायदे झाले. त्यातून उघड लिलाव आला, परवानाधारक तोलणार आला, आणि काटा सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगला गेला. सर्व पाप संपले असे नव्हे. पण तक्रार कोठे करायची हे तरी कळू लागले.

परीक्षेचा इतिहासही ह्याच वाटेने गेला आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविणे महाविद्यालयांनी करावे, विद्यापीठाने मुख्यतः परीक्षा घ्यावी, अशी ती योजना होती. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्याच रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, म्हणून हे नाव येथे आवर्जून घेतो. त्या परीक्षेत घोकंपट्टी होती, इंग्रजीचा जाच होता, आणि तिथवर पोहोचणारी घरे मोजकीच होती. तथापि तिच्यात एक मोठी गोष्ट होती : परीक्षेचे दालन. प्रश्नपत्रिका एक, घंटा एक, बाक सारखे. जागा, उजेड आणि शांतता पुरविण्याची जबाबदारी परीक्षा घेणाराची. १९४९ साली पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, आणि पुढे हमालाचा मुलगा अडत्याच्या मुलाशेजारी परीक्षेस बसू लागला, तेव्हा निदान तीन तासांपुरती दोघांची खोली एकच झाली.

२०२० साली हे दालन मोडले. साथ आली, टाळेबंदी झाली. राज्य सरकारने जूनमध्ये अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याचे ठरविले. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैमध्ये ती घ्यावीच असे सांगितले. आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी नाही असा निर्णय दिला. त्याप्रमाणे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची परीक्षा १२ ऑक्टोबरला सुरू झाली. प्रश्न बहुपर्यायी, आणि बहुसंख्यांची परीक्षा ऑनलाइन. केंद्रावर जाऊन लिहिण्याचा पर्याय होता. पण साथीच्या दिवसांत तो किती जणांना मोकळेपणाने घेता आला असेल, ह्याचा विचार आपणच करावा. लॉगिन होत नाही, उत्तरे पोहोचत नाहीत, अशा तक्रारी पहिल्याच दिवसांत वृत्तपत्रांतून आल्या, आणि अडचणीत सापडलेल्यांसाठी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली.

तक्रारी यंत्राच्या होत्या. मला त्यामागचे घर दिसते. यार्डाभोवतीच्या वस्त्यांतली एक खोली घ्या. पहाटे मालगाड्या उतरवून बाप दिवसा तेथेच झोपणार, चूल तेथेच, धाकटी भावंडे तेथेच. फोन एक, तोही बापाचा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम अकरांकडे संगणक आढळला होता. अशा घरात दालन कोठून आणायचे? पुढे २०२१ साली कॅमेऱ्यातून विद्यार्थ्यावर नजर ठेवण्याची पद्धत आली. पर्यवेक्षक घरात आला, पण बाक घेऊन आला नाही.

आम्हां संघटनेच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा आहे. विडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या. जागा त्यांची, दिवा त्यांचा. आणि दिवसाअखेर ठेकेदार विड्यांची छाट काढून मजुरी कापणार. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ह्या घरबसल्या बाईला कामगार मानले, आणि छाटीच्या तंट्याला दाद मागण्याची जागा दिली. काम घरी गेले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व एवढ्या कष्टाने मिळवलेले आहे. मग परीक्षा घरी गेली म्हणून विद्यापीठाची जबाबदारी कशी संपावी?

माझा विरोध यंत्राला नाही. साथीत प्रवास न करता परीक्षा देता आली, गावी परतलेल्या मुलींचे वर्ष वाचले, हे मोठेच काम झाले. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षाही संगणकावर होते. पण तेथे संगणक, वीज आणि खुर्ची केंद्राची असते. फरक यंत्राचा नसून खर्च कोणाच्या माथी बसतो, ह्याचा आहे.

२०२२ च्या उन्हाळी परीक्षा पुन्हा केंद्रावर झाल्या, आणि पुष्कळांना वाटले की प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही. जे एकदा घडले ते स्वस्त पडते म्हणून पुन्हा घडू शकते. तेव्हा आजच तीन गोष्टी ठरवून मागितल्या पाहिजेत : ज्याच्या घरी सोय नाही त्याला घराजवळ जागा आणि यंत्र मिळावे, उत्तर पोहोचले की नाही ह्याची पावती हाती यावी, आणि बिघाड झाल्यास तो आपल्यामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचे ओझे विद्यार्थ्यावर नसावे. बाजारात काटा बिघडला तर शेतकऱ्याचा माल कमी धरीत नाहीत. काटा दुरुस्त करतात आणि पुन्हा वजन करतात.