भरवशाची गाडी आणि मिस्त्रीची वही

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, ती संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअॅपवर काळ्या-पिवळ्या गाडीचे फोटो फिरत होते. काय मजबूत गाडी होती, दगा देत नव्हती, आजच्या गाड्यांत तो दम कुठे, असं लोक लिहीत होते. सोलापुरात आमच्या घरी टीव्हीवर तीच बातमी चालू होती. माझे अब्बा, आयुष्यभर मोटार मिस्त्री राहिलेले, ऐंशीच्या घरातले, थोडा वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दगा देत नव्हती म्हणे. मग आम्ही दिवसभर काय करत होतो?"

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

अब्बा अकराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली गॅरेजात लागले. शाळा चौथीपर्यंत, मराठी. 1968 मध्ये स्वतःचं गॅरेज टाकलं. गॅरेज म्हणजे लिंबाचं झाड, त्याखाली खड्डा आणि बाजूला पत्र्याची खोली. तेव्हापासून त्यांनी एक वही ठेवली. तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव क्वचितच, "डॉक्टरसाहेब", "वकीलसाहेब", "मिलवाले", "बार्शीचे शेठ" असं. पुढे काम, पुढे सामान, शेवटी मजुरी. गाडीचा इतिहास कंपनीच्या कागदांवरून, जाहिरातींवरून लिहितात. मला तो या तेलकट वहीवरून लिहावासा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटची 1100 तिथे बनू लागली आणि 1974 पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर, मद्रासला स्टँडर्डची हेरल्ड. मध्यमवर्गाला मिळण्यासारख्या गाड्या एवढ्याच. कोणी किती बनवायच्या ते लायसन्सवर ठरायचं, बाहेरून आणायला बंदीच म्हणा. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. हाती आलेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली तरी घेतल्यापेक्षा जास्त पैसे मिळायचे. अशा बाजारात गाडी चांगली बनवायची घाई कोणाला असणार? तक्रारी इतक्या वाढल्या, की 1967 मध्ये केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. 1969 मध्ये सरकारने किमतीच ठरवून दिल्या, मग कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. कोर्टाने 1971 मध्ये निकाल दिला तो किमतीपुरता. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचा खटला आमच्या लिंबाखाली चालायचा.

इटलीत या 1100 ची पिढी 1960 च्या दशकातच संपली होती. कुर्ल्यात ती पुढे तीस वर्षं निघत राहिली.

वहीतल्या डॉक्टरसाहेबांच्या गाडीकडे येतो. ती या तिघींपैकी कोणती हे सांगत नाही, दुखणी तिघींची जवळपास सारखीच होती. 1978 सालात ही गाडी अब्बांकडे एकतीस वेळा आली आहे. पॉइंट घासले, प्लग साफ केले, कार्बोरेटर खोलून धुतला, फॅनबेल्ट बदलला, ब्रेक अॅडजस्ट केले, ग्रीसिंग, पुन्हा पॉइंट. एप्रिल-मे महिन्यांत पेट्रोल पंपाची नोंद सारखी दिसते. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप ओढायचा पण पेट्रोल पुढे जायचं नाही, गाडी उभी. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि थांबायचं. म्हणून डिकीत पाण्याचा कॅन, फडकं, पॉलिश पेपर, जादा फॅनबेल्ट, जादा कंडेन्सर हे सामान असायचंच. तुळजापूरचा घाट चढायचा तर निघण्यापूर्वी रेडिएटर बघायचा. मालकांनाही थोडी मिस्त्रीगिरी यावी लागे. वकीलसाहेब कोर्टाच्या काळ्या कोटावर पॉइंट घासून गाडी चालू करायचे आणि त्याचा त्यांना केसेस जिंकल्याइतकाच अभिमान होता.

आणि तरीही डॉक्टरसाहेब सगळ्यांना सांगायचे, "माझी गाडी एकदम भरवशाची."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने गाडी सकाळी निघत होती, दवाखान्यात पोचत होती. महिन्याचा खर्च विचारला तर ते पेट्रोल सांगायचे, लिटरला दहा-बारा किलोमीटर, टायर सांगायचे, विमा सांगायचे. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं त्याचं रडगाणं तर किती वर्षं चाललं. मिस्त्रीचा खर्च मात्र कोणी सांगायचं नाही, कारण तो खर्च वाटावा इतका नव्हताच. इंजिन उतरवून बोअर करून पुन्हा बांधायला तीन माणसांचे चार-पाच दिवस जायचे. त्यातला सगळ्यात मोठा आकडा लेथवाल्याचा आणि रिंगा-पिस्टनचा. मजुरीचा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे, पुढे लिहिलंय "दिवाळीला". सामान आणायला अब्बा रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे, कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून हात घालून घालून पार्ट निवडायचे आणि पिशवी खांद्यावर टाकून परत. त्या फेरीचं भाडंही वहीत लावलेलं नाही.

बदल्यात डॉक्टरसाहेबांनी आमच्या घरात कधी फी घेतली नाही. माझ्या बहिणीचा टायफॉइड, दादीचा दमा, सगळं त्यांनीच पाहिलं. अब्बांना यात काही वावगं वाटत नाही, उलट ते याला माणुसकीच म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण मला हे दिसतं, की एका माणसाच्या फीचा दर ठरलेला होता आणि तो ती सोडून देऊ शकत होता. दुसऱ्याचा दर ठरलेलाच नव्हता.

काही गोष्टी तर वहीत येणंच शक्य नव्हतं. पेट्रोल काढायचं ते नळी तोंडात धरून ओढून. हात धुवायचे तेही पेट्रोलने. त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. बिनशिशाचं पेट्रोल 1995 मध्ये आधी चार महानगरांत आलं, देशभरातून शिसं गेलं ते 2000 मध्ये. ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ड्रम उघडला की आतली धूळ फुंकून काढायची, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं काम. अब्बा फुंकायचे, माझा थोरला भाऊ फुंकायचा. शाळेतून येऊन मीही फुंकलेली आहे.

मुंबईच्या टॅक्सीचं गणित थोडं वेगळं. तिथे गाडी अनेकदा एकाची आणि चालवणारे दोघे, दिवसपाळीचा आणि रातपाळीचा, मालकाला रोजचा ठरलेला पैसा. गाडी एक दिवस उभी राहिली की एक दिवसाची रोटी गेली. त्यामुळे टॅक्सीवाल्याला न बिघडणारी गाडी नको होती असं नाही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघडली तर दोन तासांत, कोपऱ्यावर, थोडक्या पैशात दुरुस्त होणारी गाडी. पद्मिनी तशी होती. तिचं सामान गल्लोगल्ली मिळत होतं आणि ती डोळे मिटून खोलणारे हात कुर्ल्यापासून नागपाड्यापर्यंत बसलेले होते. नंतर तिला सीएनजीची टाकी बसली, इंधनाचा खर्च उतरला आणि तिचं आयुष्य आणखी वाढलं. घरगुती मालकांनी तिला सोडल्यावरही टॅक्सीवाल्यांनी धरून ठेवली ती प्रेमापोटी नव्हे.

घरगुती मालकांनी सोडली ती मारुतीमुळे. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. इंजिन फक्त 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. आमच्याकडचे जुने मिस्त्री हसले होते, हा डबा चार महिने टिकणार नाही. डॉक्टरसाहेबांनी 1986 मध्ये घेतली. त्यानंतर वहीत त्यांचं नाव एकदम पातळ होत जातं. तिलाही कार्बोरेटर होता, पण तो सारखा कचरा धरत नव्हता. ती उन्हात थांबत नव्हती, लिटरमागे पेट्रोलही बरंच कमी पीत होती. ईदला डॉक्टरसाहेब शीरखुर्मा प्यायला आले तेव्हा अब्बांनी बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ वाकून बघितलं. "साहेब, चांगली गाडी घेतली," एवढंच म्हणाले.

माझ्या मते ते खरंच होतं, आणि जुन्या गाड्यांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. जो भरवसा आधी मिस्त्रीच्या हातात होता तो मारुतीत कारखान्यातूनच येऊ लागला. मालकाचा फायदा झाला. पुढे 2000 च्या सुमारास धुराचे नवे नियम आले, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. आता कानाने ऐकून इंजिनाचं दुखणं सांगता येईना.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की मोटारींच्या विक्री-दुरुस्तीसारख्या धंद्यांत मुस्लिम कामगारांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. आपल्याकडे याचा अर्थ "हे लोक कारागीर" असा कौतुकाने लावतात. पण या धंद्यात शिरायला शाळेचा दाखला लागत नव्हता, बँकेचं कर्ज लागत नव्हतं, कोणाची चिठ्ठी लागत नव्हती. एक उस्ताद आणि अकरा वर्षांचा पोरगा, एवढंच लागायचं. नव्या गाड्यांना दाखला लागतो, भांडवल लागतं, इंग्रजी वाचावं लागतं. ज्या मोहल्ल्यात शाळा मध्येच सुटत होत्या तिथे हा बदल कसा लागला असेल ते वेगळं सांगायला नको.

थोरल्या भावाने 2004 मध्ये पत्र्याची खोली पाडून पक्कं दुकान केलं आणि दुचाकी घेऊ लागला. त्याचा मुलगा आयटीआय करून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पगारावर आहे. मागच्या महिन्यात तो अब्बांना तिथे घेऊन गेला. एका गाडीला स्कॅनर लावून त्याने पडद्यावर बिघाडाचा कोड दाखवला. अब्बांनी विचारलं, या कामाचे गिऱ्हाइकाकडून किती घेतात? नातवाने नुसत्या तपासणीचा आकडा सांगितला. अब्बांनी दोनदा विचारून खात्री केली. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून वही काढायला लावली, चष्मा लावला आणि 1978 ची पानं उघडून मजुरीचा रकाना बोटाने खाली खाली मोजत बसले.