शिधापत्रिकांचा मध्यवर्ती डेटाबेस : रायपूरची ‘कोअर पीडीएस’ व्यवस्था

रायपूर : शिधापत्रिकाधारकाला ठरावीक दुकानाशी बांधून न ठेवता आपल्या पसंतीच्या स्वस्त धान्य दुकानातून धान्य घेण्याची मुभा देणारी ‘कोअर पीडीएस’ व्यवस्था २०१२ मध्ये छत्तीसगडच्या राजधानीत सुरू झाली. अनेक दुकानांतील यंत्रे एकाच वेळी एका मध्यवर्ती डेटाबेसवर चालवण्याचे हे देशातील आरंभीचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

राज्याने २००४ च्या नियंत्रण आदेशाद्वारे स्वस्त धान्य दुकाने खासगी परवानाधारकांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे सोपवली. २००७ पासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) रायपूर कार्यालयाच्या साहाय्याने धान खरेदी, गोदामे आणि वितरण यांचे संगणकीकरण झाले. इंटरनेट नसलेल्या खरेदी केंद्रांतील नोंदी मोटारसायकलस्वारांमार्फत जवळच्या जोडणी असलेल्या ठिकाणी पोहोचवल्या जात. गोदामातून धान्याचा ट्रक निघाल्याची सूचना नोंदणीकृत नागरिकांना लघुसंदेशाद्वारे मिळू लागली.

कार्यपद्धती

पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक दुकानाच्या वहीत त्याच दुकानाचे ग्राहक असत. त्यामुळे शिल्लक कोट्याचा हिशेब दुकानातच राहत असे. ग्राहक कोणत्याही दुकानात जाऊ शकतो असे ठरताच हा हिशेब मध्यवर्ती ठिकाणी ठेवणे अपरिहार्य झाले. दुकानातील यंत्र मोबाईल नेटवर्कवरून सर्व्हरशी संपर्क साधते, शिधापत्रिकेची ओळख पटवते, त्या महिन्याचा शिल्लक कोटा तपासते आणि विक्रीची नोंद करते.

एकाच शिधापत्रिकेवर दोन दुकानांतून एकाच क्षणी मागणी आल्यास दोघांनाही पूर्ण कोटा शिल्लक दिसू शकतो. हे टाळण्यासाठी मोठ्या डेटाबेसमध्ये पहिला व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती नोंद कुलूपबंद ठेवली जाते. कोटा वजा होणे आणि दुकानाचा साठा घटणे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडतात किंवा एकही घडत नाही. संपर्क मध्येच तुटला, तर अर्धवट नोंद रद्द होते.

वितरणाच्या पहिल्या दिवसांत मागणीची लाट येते. तेव्हा प्रत्येक यंत्रासाठी नवी जोडणी उघडण्याऐवजी मोजक्या जोडण्या आलटून पालटून वापरणे, शिधापत्रिका क्रमांकाची अनुक्रमणिका ठेवणे आणि अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत वापरणे, हे अशा सर्व्हरवरील भार आटोक्यात ठेवण्याचे रूढ उपाय आहेत. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली अद्ययावत प्रत मुख्य सर्व्हर बंद पडल्यास उपयोगी पडते.

मर्यादा

बँकेचा सर्व्हर बंद पडल्यास ग्राहक दुसऱ्या दिवशी येऊ शकतो. रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या असलेल्या मजुरासाठी मात्र परत फिरणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी गमावणे असते. त्यामुळे नेटवर्क नसताना धान्य देण्याची आणि नंतर नोंद जुळवण्याची पर्यायी सोय हा या व्यवस्थेचा आवश्यक भाग ठरतो. पर्यायी सोय सैल ठेवल्यास गैरव्यवहाराला वाव राहतो आणि ती फार घट्ट केल्यास पात्र कुटुंब धान्यापासून वंचित राहते. डिसेंबर २०१२ मध्ये राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय कायदा आला. यंत्रातील बिघाड हा तेव्हापासून कायदेशीर हक्काशी जोडलेला प्रश्न बनला.

देशव्यापी विस्तार

हेच तत्त्व पुढे ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत आले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र–गुजरात आणि आंध्र प्रदेश–तेलंगणा या जोड्यांपासून आंतरराज्य सुविधेचा प्रारंभ झाला. शहरापुरती अशी मुभा आधीच देणारे छत्तीसगड या योजनेत फेब्रुवारी २०२२ मध्ये, तर आसाम सर्वांत शेवटी जून २०२२ मध्ये सहभागी झाले. परिणामी कामासाठी महाराष्ट्रात आलेल्या छत्तीसगडच्या मजुराला आपल्या वाट्याचे धान्य येथील दुकानातून घेता येते आणि गावी राहिलेले कुटुंब त्याच शिधापत्रिकेवरील उरलेला हिस्सा तेथे उचलू शकते.