परंगीमलैची चांदणी



सध्या मुक्काम चेन्नईत, सेंट थॉमस माउंट छावणीत. चेन्नई म्हटलं की मरिनाचा समुद्र आणि टी. नगरची गर्दी आठवते, पण ही छावणी म्हणजे शहराच्या पोटातलं एक छोटं गाव आहे. जवळच विमानतळ, दुसऱ्या बाजूला अड्यार नदी आणि मधे जेमतेम ३०० फुटांची टेकडी. तमिळमध्ये तिला परंगीमलै म्हणतात. 'मलै' म्हणजे डोंगर आणि 'परंगी' म्हणजे आपलाच 'फिरंगी'. इथे पोर्तुगीजांनी डोंगराला नाव दिलं, आपल्याकडे सणाला. 'नाताळ' हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला. फौजेत मात्र या दिवसाला अजूनही 'बडा दिन' म्हणतात.

डिसेंबर लागला की टेकडीच्या पायथ्याच्या गल्ल्या सजू लागतात. मॉलमधली सजावट वेगळी, ही वेगळी. मी रोज ज्या गल्लीतून फिरायला जातो तिथे घरटी १०० रुपये वर्गणी निघते, आपल्याकडच्या गल्लीतल्या गणपतीसारखीच. एवढ्या पैशात रस्ता सजवायचा तर डोकं चालवावं लागतं. दिव्यांच्या माळा पल्लावरमच्या शुक्रवारच्या जुन्या बाजारातून येतात. या बाजारात जुन्या पंख्यापासून पिंजऱ्यातल्या पोपटापर्यंत काहीही मिळतं. बंद पडलेल्या माळा स्वस्तात आणायच्या आणि गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने त्या जोडून द्यायच्या. चांदण्या घरीच होतात. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि पतंगाचा कागद. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थबकलोच. हा तर आमचा आकाशकंदील!

या कागदी चांदणीचा इतिहासही असाच साधा आहे. १८३० च्या दशकात जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या एका शाळेत मुलांना भूमिती शिकवताना कागदाचा तारा करायला लावला, तिथून तो घराघरांत गेला. आपल्याकडे आल्यावर त्याने कामट्या आणि पतंगाचा कागद स्वीकारला.

जुन्यापान्यातून मोठं काम उभं करायची या गावाला सवयच आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने इथूनच हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायला घेतली. सेंट थॉमस माउंटपासून पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत साडेसात मैल, ५७ दिवसांत. ज्या पोलादी साखळीने मोजलं, ती चक्क सेकंडहँड होती. चीनच्या बादशहाला नजर करायला नेलेली, त्याने नाकारलेली आणि फिरत फिरत लॅम्बटनच्या हाती आलेली. पुढे हिमालयाची शिखरं मोजली गेली, ती याच कामाच्या पायावर. हेच काम करता करता १८२३ मध्ये लॅम्बटन आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

टेकडीवरचं चर्च त्याहूनही जुनं. १५४७ मध्ये तिथे खोदकाम करताना पहलवी लिपीतला मजकूर कोरलेला दगडी क्रूस सापडला. डोंगरावरची जुनी जत्रा १८ डिसेंबरची, त्यामुळे गल्लीची सजावट त्याआधी झालीच पाहिजे असा दंडक आहे. वर जायला ज्या पायऱ्या आहेत त्या अठराव्या शतकात पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधल्या. अड्यारवरचा सैदापेटचा पूलही त्यानेच बांधला आणि त्याच्या डागडुजीसाठी वेगळी रक्कम ठेवली. परक्या मुलखातला माणूस, पण आपल्यामागे दुरुस्ती कोण करणार याची काळजी त्याला होती.

हे सगळं ऐकवत असताना गल्लीतले एक निवृत्त रेल्वे कर्मचारी मला म्हणाले, "सार, २०१५ची चांदणी पाहायला हवी होती तुम्ही."

१ डिसेंबर २०१५. चेंबरमबाक्कम तलावातून पाणी सुटलं, अड्यार फुगली आणि निम्मं चेन्नई बुडालं. फौजेच्या तुकड्या होड्या घेऊन उतरल्या होत्या. त्यांच्या नातेवाइकांचं नदीकाठचं घर छातीभर पाण्यात होतं. गल्लीने जमवलेली सगळी वर्गणी भाताच्या पाकिटांवर आणि चादरींवर खर्च झाली. कागद आणायला पैसे उरले नाहीत. कोणी म्हणालं, यंदा राहू दे. पण पोरांनी जुना सांगाडा माळ्यावरून काढला, तसाच उघडा टांगला आणि आत एक बल्ब लावला. नुसत्या कामट्या आणि एक बल्ब.

"त्या वर्षी गल्लीत आलेला प्रत्येक जण त्याच्याखाली थांबला," ते म्हणाले. "कागद नव्हता म्हणून कुणी काही बोललं नाही."

मी बराच वेळ गप्प होतो. बावीस-तेवीस वर्षांच्या नोकरीत किती दिवाळ्या घराबाहेर गेल्या, मोजत नाही. एकदा चौकीवर रेशनच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला खिडक्या कापून, लाल कागद डकवून आकाशकंदील केला होता. युनिटच्या सर्वधर्मस्थळात तो लागला तेव्हा केरळचा एक जवान म्हणाला होता, "साब, ये तो हमारा स्टार है." तेव्हा मी हसलो होतो. आज त्याचं म्हणणं कळतं. सण पैशांवर अडत नाही. उद्या माळ जोडायला कोण येणार, एवढाच प्रश्न असतो.

यंदा मीही १०० रुपये दिले. पण खरं काम रविवारी केलं. गल्लीतल्या पोरांना खळ पातळ का ठेवायची आणि कागद कोपऱ्यात कसा दुमडायचा, ते दाखवलं. आईने शिकवलेलं हात अजून विसरलेले नाहीत. माझी चांदणी थोडी वाकडी झाली आहे. तिसऱ्या खांबावर लटकते आहे.

जय हिंद!