वही टिकली, सीडीचं काय?

आपली सोसायटी उभी राहिली त्याच सुमारास घरोघरी कॉम्प्युटर आणि सीडीवर लिहिणारे ड्राइव्ह येऊ लागले होते. त्यामुळे आपल्या पंचवीस वर्षांचा बराचसा इतिहास सीडीवर आहे. वास्तुपूजेचे फोटो, गणेशोत्सवाचं शूटिंग, मुलामुलींची लग्नं, सगळं त्यातच. या स्मरणिकेसाठी जुने फोटो मागवले तेव्हा काही सीडी उघडल्या, काही उघडल्या नाहीत. असं का होतं, ते सांगतो. पण आधी आपल्या अलिबागची एक गोष्ट.

किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा आपण येता-जाता पाहतो. ती १९०४ साली सुरू झाली. त्याआधी हे काम १८४१ पासून मुंबईत कुलाब्याला चालत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडतील, म्हणून वेधशाळा इकडे आली. कुलाब्याला सुरुवातीला कर्मचारी उपकरणातले आकडे डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत. १८५९ च्या सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेला सूर्यामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. त्या वेळचे आकडेही असेच हाताने लिहिलेले. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी वापरून त्या वादळाची तीव्रता मोजली. वही उघडली आणि वाचली. वाचायला कुठलं मशीन लागलं नाही.

आता सीडी. गाण्यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. घरी लिहिता येणारी सीडी १९८८ मध्ये जपानच्या तायो युदेन कंपनीने दाखवली. दिसायला दोन्ही सारख्या, पण आतून वेगळ्या. विकतच्या गाण्यांच्या सीडीत खाचा साच्यातूनच दाबलेल्या असतात. आपण लिहितो त्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. हा रंग ऊन आणि उष्णतेने हळूहळू बिघडतो. त्याच्यावर बहुधा चांदीचा चकचकीत थर असतो आणि त्यावर फक्त पातळ लाखेसारखं आवरण. म्हणून सीडीची नाजूक बाजू खालची नाही, नाव लिहितो ती वरची. घरातली चांदीची भांडी काळी पडतात, तसंच या थराचंही होऊ शकतं. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवर तर त्याहून कमी भरवसा.

उत्पादक शंभर-दोनशे वर्षांचे दावे करत. पण ते योग्य हवामान गृहीत धरून. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार सीडी २० अंशांच्या आत आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावी. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर असते! अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तर अनुभवातून २ ते ५ वर्षंच धरून चाला असं सांगितलं. याचा अर्थ पाच वर्षांनी प्रत्येक सीडी मरते असा नाही. वीस वर्षांच्या सीडीही चालतात. पण कुठली चालेल, हे वरून ओळखता येत नाही.

त्यात वाचणारं यंत्रही जाऊ लागलंय. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो. कोऱ्या सीडी बनवणारी मोझर बेअर ही आपल्या देशातली मोठी कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक सवय आहे. शिल्लक लिहिलेली असली तरी मोजून पाहायची. तेच इथे करावं. एका एक सीडी लावून फाइली उघडून पाहाव्यात. एका ड्राइव्हमध्ये उघडली नाही तर टाकून देऊ नये, दुसऱ्यात कधीकधी उघडते. उघडलेल्या फाइलींच्या दोन प्रती कराव्यात आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकांकडे ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किती घरांची छपरं उडाली, ते आपण पाहिलंय. दर दोन-तीन वर्षांनी प्रती पुन्हा तपासाव्यात. सीडी उभी, डबीत, अंधारात ठेवावी. वर कागद चिकटवू नये, बॉलपेनने लिहू नये.

सोसायटीच्या कार्यालयात एक चालू ड्राइव्ह अजून आहे. तो बंद पडायच्या आत आपापल्या सीडी घेऊन या. कुलाब्याची वही कोणीतरी जपली म्हणून उरली. पुढच्या पिढीला सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत फोटो छापायचे असतील, तर जपण्याचं काम आपल्यालाच करायला हवं.