वंशावळीची शहानिशा

श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. ज्या घरात ही चाल अजून टिकून आहे, तेथे वंशावळीच्या पहिल्या तीन ओळी मुखोद्गत असतात. त्यापलीकडे स्मरण साथ देईनासे होते आणि चौथ्या पिढीसाठी कागद धुंडाळावा लागतो. खरी अडचण येथूनच सुरू होते. जुना कागद कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला हे कळल्यावाचून त्यावरील नाव कुळाच्या वृक्षावर चढविणे धोक्याचे असते. छत्तीसगडातील भिलाई आणि तिच्या आसपास वसलेल्या मराठी कुटुंबांना ह्या अडचणीचा अनुभव पुरेपूर आलेला आहे.

ह्या प्रदेशात मराठी माणूस दोनदा आला. पहिल्या वेळी तो भोसल्यांच्या निशाणामागून आला. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपुरावर स्वारी केली; पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्यांच्याबरोबर शिपाई, कारकून, भिक्षुक आले, दप्तर मोडीत लिहिले जाऊ लागले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तरी ही कुटुंबे रायपूर, बिलासपूर, दुर्ग ह्या भागात राहून गेली.

अशा जुन्या घराण्यांपाशी बहुधा एखादी वंशावळ असते, आणि तिच्यावर घरच्यांची श्रद्धाही असते. तथापि ती कोणत्या प्रसंगी तयार झाली हे आधी विचारावे. वतनाच्या किंवा इनामाच्या तंट्यात दाखल केलेली वंशावळ दावेदारानेच लिहून दिलेली असे. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले, तेव्हा कैफियतींचे आणि वंशावळींचे ढीग सरकारी दप्तरात जमा झाले. हक्क सांगणाऱ्याला आपली शाखा ठळक करावयाची असे; निपुत्रिक चुलता गळे, दत्तकाचा औरस होई, आणि लेकीसुना तर बहुधा कोठेच नसत. याउलट त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. तेथे यात्रेकरू आपले, बापाचे, भावांचे नाव सांगे; लिहिता येत असेल तर स्वहस्ते लिही. गंगेच्या काठी खोटे नाव सांगून जमीन मिळणार नव्हती. म्हणून दाव्यातील वंशावळ आणि उपाध्यायाची वही ह्या दोन परक्या कागदांत एकच नाव, एकाच बापासह, सापडले तर ते निःशंक घ्यावे. एकाच कागदावर भिस्त ठेवून पेशवाईपर्यंत नेलेली झाडे पुष्कळ आहेत; ती भिंतीवर शोभून दिसतात एवढेच.

कालगणनेचाही घोळ थोडा नाही. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु जुन्या कागदावर फसली सन असला, तर तो दक्षिणी की उत्तरी हे पाहावे लागते. दोहोंत सुमारे दोन वर्षांचे अंतर आहे. मराठी आणि हिंदी कारभार जेथे शेजारी नांदले, त्या छत्तीसगडात ही चूक सहज होते. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. गणपत सखाराम, त्याचा मुलगा सखाराम गणपत, त्याचा मुलगा पुन्हा गणपत सखाराम. साल नीट लागले नाही तर आजा आणि नातू एकच ठरतात आणि दोन पिढ्या नाहीशा होतात.

दुसऱ्या वेळी मराठी माणूस पोलादासाठी आला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्याबद्दल भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर, भंडारा, चांदा या जिल्ह्यांतून आगगाडीने दुर्गला उतरणे सोपे होते. ह्या लोकांजवळ वंशावळ नव्हती, इनाम नव्हते, आणि त्यांतील अनेकांच्या पूर्वजांना तीर्थोपाध्यायाच्या वहीत जागाही नव्हती. परंतु पूर्वजांचा पुरावा देण्याची गरज पुढे त्यांनाच सर्वांत अधिक भासली.

त्याचे कारण १९५६ सालच्या शरदात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना अमलात आली. तोवर नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते, आणि भंडाऱ्याचा मजूर भिलाईला आला तर तो परराज्यात गेला असे कोणी म्हणत नसे. पुनर्रचनेनंतर भंडारा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. दुर्ग मध्यप्रदेशात राहिला आणि २००० साली छत्तीसगडात गेला. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’ आणि ‘मध्यप्रदेश’, मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि दुसऱ्याच राज्याचे नाव! घर तेच, रक्त तेच. कागद मात्र एकमेकांस ओळख देत नाहीत.

अनुसूचित जातींच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख प्रमाण धरली जाते. त्या दिवशी कुटुंब कोठे राहत होते हे दाखवावे लागते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या. पुढे १९९४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांची पडताळणी समित्यांमार्फत व्हावी आणि दक्षता पथकाने मूळ गावी जाऊन चौकशी करावी, असे ठरवून दिले. तेव्हा भिलाईत जन्मलेल्या मुलाच्या शिक्षणासाठी आजोबांचे सोडलेले खेडे गाठणे भाग झाले.

त्या खेड्यात बहुधा उपयोगी पडते ते कोतवाल बुक. विदर्भातला कोतवाल, छत्तीसगडातला कोतवार, हा गावचा रखवालदार. जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर देणे हे त्याचे काम. त्याला स्वतःला अक्षरओळख नसली, तर कोणी लिहिणारा त्याच्या पुस्तकात नोंद करी. वऱ्हाड-नागपूरकडे हा कोतवाल पुष्कळदा महार असे. ज्या समाजाला वंशावळ लिहू दिली गेली नाही, त्याच समाजातला माणूस साऱ्या गावाच्या जन्ममरणाचे पुस्तक काखेत मारून ठाण्याची वाट तुडवीत होता. आणि आज पाटलाच्या नातवालाही त्याच पुस्तकाची नक्कल काढावी लागते. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही ह्या पुस्तकांवरची धूळ झटकली गेली.

परंतु ह्या नोंदीतही एक उणीव आहे. तीत जन्माची तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘एक मुलगा’ किंवा ‘एक मुलगी’ एवढेच पुष्कळदा असते. बारसे व्हायच्या आत खबर गेलेली असते. म्हणजे तो ‘एक मुलगा’ आपलाच आजा की त्याचा लहानपणी वारलेला भाऊ, हे ठरवायचे राहते. मग त्याच बापाच्या सगळ्या नोंदी काढून, मृत्यूच्या नोंदी त्यांतून वजा करून, उरलेल्यांची वये शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडून पाहावी लागतात. रजिस्टरातली जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै असली तर ती गुरुजींनी दिलेली समजावी. वर्ष मात्र फारसे चुकलेले नसते.

जिल्ह्याचे नावही तपासून घ्यावे. जुना ‘भंडारा’ १९९९ पासून कदाचित गोंदियात असेल, जुना ‘चांदा’ १९८२ पासून गडचिरोलीत. आणि दुर्ग जिल्हाच मुळी १९०६ चा असल्याने त्याआधीचा कागद रायपूर किंवा बिलासपूरच्या नावाने शोधावा लागतो. भिलाईच्या सेक्टर नऊमधील रुग्णालयात जन्मलेल्या नातवाचा पहिला कागद तेथल्या नोंदीचा आणि आजोबांचा पहिला कागद कोतवालाच्या पुस्तकातला. ह्या दोहोंना जोडणारा दुवा बहुतेक वेळा कारखान्याच्या सेवापुस्तिकेत सापडतो. तीत नोकरीवर रुजू होताना मूळ गाव, तालुका आणि वडिलांचे नाव लिहून घेतलेले असते.